फावल्या वेळाचं काम

ऑनलाइन स्वयंसेवेची कामं पाच-दहा मिनिटांत होतात, हे खरं आहे. जुन्या पुस्तकाचं एखादं पान मूळ प्रतीशी ताडून बघायला, उपग्रहाच्या छायाचित्रावर चार घरं रेखायला किंवा अंध माणसाला औषधाच्या पाकिटावरचं नाव वाचून दाखवायला याहून जास्त वेळ लागत नाही. त्यासाठी रजा टाकावी लागत नाही, की गाव सोडून कुठे जावं लागत नाही. नोकरी, घर आणि घरातलं आजारपण यांच्या ओढाताणीत असलेल्या माणसालाही हे जमू शकतं, आणि जमावं असं मला मनापासून वाटतं. मीही ही कामं अशाच ओढाताणीत हातात घेतली. मात्र ती ज्या पद्धतीनं केली, तिच्यामुळे माझ्यामागून दुसऱ्या कुणाला तरी निस्तरत बसावं लागलं. ते कसं झालं, ते सविस्तर सांगायला हवं, कारण या कामांची माहिती देणारे सगळे ती किती सोपी आहेत तेवढंच सांगतात.

मी सांगलीत एका सहकारी बँकेत आहे. बँकेतल्या माणसाचा मार्च कसा जातो हे वेगळं सांगायला नको: व्याजाच्या नोंदी, थकबाकीची वर्गवारी, शाखांचे मेळ न बसणारे आकडे, आणि घरी पोचेपर्यंत जेवणं उरकलेली. अशाच एका मार्चच्या मध्यावर, २०१९ साली, ‘इदाई’ हे चक्रीवादळ मोझांबिकमधल्या बैरा शहराजवळ किनाऱ्यावर आदळलं. पुंग्वे आणि बुझी या नद्यांचं पाणी पसरून मैलोन् मैल नुसता जलाशय झाला होता. टीव्हीवर छपरांवर बसलेली माणसं दिसत होती. २००५ चा कृष्णेचा पूर आम्ही अंगावर घेतलेला असल्यामुळे ते दृश्य परक्या देशातलं वाटलं नाही. त्याच रात्री मी ‘ओपनस्ट्रीटमॅप’वर नाव नोंदवलं.

ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ पासून लोकांनीच रेखत आणलेला जगाचा नकाशा. २०१० च्या हैतीच्या भूकंपात स्वयंसेवकांनी घरबसल्या, उपग्रहाची छायाचित्रं पाहून पोर्ट-ओ-प्रिन्सचे रस्ते आणि इमारती रेखल्या, आणि त्यातून आपत्तीच्या वेळी हे काम संघटितपणे करणारी ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम उभी राहिली. इदाईच्या वेळी त्यांनी बाधित भागाचे चौकोन पाडून ते कामासाठी खुले केले होते. आपण एक चौकोन उचलायचा, त्यातली घरं आणि वाटा रेखायच्या, ‘झाला’ असं नोंदवायचं. मग अनुभवी माणूस तो तपासतो. चौकोन आपण उचलला की तो आपल्या नावावर अडकतो, म्हणजे तेवढा वेळ दुसऱ्याला त्यात काम करता येत नाही. काम न करता सोडून दिला तर ठरावीक वेळानं आपोआप सुटतो.

मी रात्री साडेअकराला बसायचो. दिवसभर आकडे पाहून डोळे चुरचुरत असायचे. चौकोन उचलायचा, दोन-चार वस्त्या रेखायच्या, डुलकी लागायची, आणि चौकोन माझ्या नावावर तसाच अडकून राहायचा. त्या दिवसांत तिकडे त्याच चौकोनाची कुणाला तरी निकड असणार, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. घराचे चार कोपरे टिचकीनं ठेवले की ते नेमके काटकोनात बसत नाहीत; त्यासाठी एक कळ दाबून आकृती चौरस करून घ्यायची असते. गोल झोपड्यांसाठी वेगळी कळ आहे. या दोन कळा मला पहिल्याच दिवशी सांगितल्या होत्या. मी त्या दाबत नव्हतो, कारण न दाबता घरं जास्त रेखून व्हायची आणि नावापुढचा आकडा वाढताना बरं वाटायचं. झाडाची गोल सावली, गवताची गंजी, धान्याची कणगी आणि राहती झोपडी यांतला फरक वरून ओळखायचा तर छायाचित्र मोठं करून सावली कुठे पडली आहे ते पाहावं लागतं. मी गोल दिसेल त्याला घर ठरवत गेलो.

तपासणाऱ्यानं चौकोन परत पाठवले. सोबत सभ्य भाषेत टिपणं होती: कोपरे चौरस करा, ही झाडं आहेत, इथली घरं राहिली आहेत. टिपणं आली आहेत हे मी पाहिलं होतं, पण उघडून वाचली नाहीत. मार्च संपू दे, मग निवांत वाचू, असं ठरवलं. मार्च संपला तेव्हा ते चौकोन दुसऱ्या कुणीतरी पुसून नव्यानं रेखून टाकले होते. म्हणजे माझ्या रात्रींचा उपयोग शून्य होता असंही नाही. तो शून्याच्या खाली होता. मी हातच लावला नसता, तर त्या माणसाचा पुसण्याचा वेळ वाचला असता.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पूर आमच्या दाराशी आला. कोयना, वारणा, कृष्णा, सगळीकडून पाणी. आमच्या भागात बाहेरून आलेल्या बोटी फिरत होत्या. बोटीतल्या माणसांना गल्ल्या ठाऊक नव्हत्या. पाणी चढल्यावर कोपऱ्यावरची ओळखीची दुकानंही दिसेनाशी झाली होती. गावातला कुणीतरी पोरगा पुढे बसवून, ‘इथनं डावीकडं, मागं अजून एक घर हाय, म्हातारी हाय तिथं’ असं विचारत-सांगत बोट जायची. एका चुलत मामांना असंच काढलं. त्यांचं घर मुख्य रस्त्यावरून दिसत नाही. नकाशावर एक घर जास्त असणं आणि एक घर कमी असणं यांचा अर्थ मला तेव्हा कळला: जास्त असेल तर बोट उगाच तिथवर जाते, कमी असेल तर जातच नाही. मोझांबिकमधल्या ज्या झाडांना मी घरं ठरवलं होतं, ती मला त्या आठवड्यात सारखी आठवत राहिली.

एवढं होऊनही मी पद्धत बदलली नाही, हे कबूल करायला हवं. मला वाटलं, हे नकाशाचं काम आपल्याला झेपणारं नव्हतं. याहून छोटं काहीतरी घेऊ. चूक कामाच्या आकारात आहे, असा निष्कर्ष मी काढला. मग मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’वर गेलो. तिथे लोकांनी आपापल्या भाषेत वाचलेली वाक्यं साठवली जातात, म्हणजे आवाज ओळखणाऱ्या यंत्रणा मराठीसारख्या भाषांतही तयार करता याव्यात. वाक्य वाचायचं, किंवा दुसऱ्यानं वाचलेलं ऐकून बरोबर-चूक सांगायचं. एका वाक्याला काही सेकंद लागतात. मी बसस्टँडवर, भाजीच्या रांगेत, गाड्यांच्या आवाजात वाक्यं ऐकायचो आणि ‘बरोबर’ दाबत जायचो. शब्द गाळलेलं, भलताच शब्द वाचलेलं वाक्यही माझ्या हातून पास झालं असणार. किती, ते सांगता येत नाही, आणि हेच वाईट आहे. नकाशातली चूक निदान दिसते तरी. ही कुठे गेली ते शोधताही येत नाही.

‘बी माय आइज’चंही तसंच. हान्स यॉर्गन विबर्ग या स्वतः दृष्टी अधू असलेल्या डॅनिश कारागिरानं सुचवलेलं आणि २०१५ साली सुरू झालेलं हे अ‍ॅप. अंध व्यक्ती व्हिडिओ कॉल लावते, तो एकाच वेळी अनेक स्वयंसेवकांच्या फोनवर वाजतो, आणि जो आधी उचलेल तो बोलतो. स्वयंसेवकांची संख्या इतकी मोठी आहे की आपण उचलला नाही तर काही बिघडत नाही, दुसरं कुणीतरी उचलतं. बिघडतं ते आपण उचलून नीट बोलू शकत नाही तेव्हा. मी एकदा ऐन गर्दीच्या वेळी काउंटरमागून कॉल उचलला. पलीकडच्या बाईंना दोन सारख्या पाकिटांतलं कुठलं कशाचं ते हवं होतं. समोर पासबुक घेऊन लोक उभे, मी अर्धं लक्ष देऊन ‘जरा वर धरा, आता खाली’ म्हणतोय, त्यांना माझा आवाज नीट ऐकू जात नाही. शेवटी ‘राहू दे, मी परत लावते’ असं म्हणून त्यांनीच कॉल बंद केला. स्वर रागाचा नव्हता. त्यांना याची सवय असावी, असं तो ऐकून वाटलं, आणि ते मला जास्त लागलं. मी उचलला नसता तर त्याच क्षणी कुणीतरी रिकामा माणूस त्यांना मिळाला असता.

या सगळ्यात सर्वांत मोठी चूक मात्र मी मराठीत, माझ्या आवडीच्या कामात केली.

आण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, डायलिसिस सुरू झालं. संध्याकाळची पाळी मिळाली. सुया लागल्या की साधारण चार तास मशीन चालतं. सुया टोचण्यासाठी ज्या हाताला फिस्टुला केलेला असतो तो हलवायचा नाही. धाकटा भाऊ आणि मी वार वाटून घेतले होते. माझ्या वाराला मी बँकेतून परस्पर जायचो आणि त्यांच्याजवळ खुर्ची टाकून बसायचो. एवढा सलग वेळ मला कित्येक वर्षांत मिळाला नव्हता. तेव्हा मी मराठी विकिस्रोतावर मुद्रितशोधन करायला घेतलं.

विकिस्रोत म्हणजे स्वामित्वहक्क संपलेल्या पुस्तकांचं खुलं ग्रंथालय. आपल्याकडे १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतरची साठ वर्षं हक्क राहतात, मग पुस्तक सर्वांचं होतं. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांची पुस्तकं २०११ च्या १ जानेवारीपासून मोकळी झाली. जुन्या पुस्तकाचं पानन्‌पान स्कॅन करून चढवलेलं असतं. शेजारी ओसीआरनं, म्हणजे यंत्रानं, त्या चित्रातून वाचलेला मजकूर असतो. आपण तो छापील पानाशी ताडून नीट करायचा. प्रत्येक पानाला रंग असतो. हात न लागलेलं पान लाल. एकानं वाचून दुरुस्त केलं की पिवळं. दुसऱ्यानं पुन्हा ताडून पाहिलं की हिरवं. काही अडलं असेल, छपाई पुसट असेल, आकृती राहिली असेल, तर निळसर. कोरं पान करडं. आणि आपणच पिवळं केलेलं पान आपल्याला हिरवं करता येत नाही, दुसराच माणूस लागतो.

बँकेतल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे नोंद करणारा वेगळा आणि पास करणारा वेगळा. लहानातलं लहान व्हाउचर असो, दोन जणांच्या नजरेखालून गेल्याशिवाय ते खात्याला लागत नाही. अधिकारी बघणारच आहेत म्हणून क्लार्कनं डोळे मिटून नोंद केली, आणि क्लार्क चांगला आहे म्हणून अधिकाऱ्यानं डोळे मिटून पास केली, तर दोन सह्या असूनही ती नोंद कुणीच पाहिलेली नसते. गैरव्यवहाराची प्रकरणं बऱ्याचदा इथूनच निघतात. हे मी नव्यानं नोकरीला लागलेल्या पोरांना स्वतः सांगत आलो आहे. तरी विकिस्रोतावर ते पिवळं बटण दाबताना माझ्या मनात हेच असायचं: पुढे कुणीतरी बघणार आहेच.

मी काम मोबाइलवर करत होतो. मोबाइलवर चित्र आणि मजकूर शेजारी-शेजारी धड मावत नाहीत. चित्र मोठं करून वाचायचं, मग सरकवून मजकुरावर यायचं, तोवर ओळ हरवते. हळूहळू मी चित्र पाहणंच कमी केलं. मजकूर वाचून जिथे वाक्य खटकेल तिथेच चित्राकडे जायचो. देवनागरी ओसीआरच्या चुका अशा पकडता येत नाहीत. जुन्या टायपातला ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’, ‘ब’ आणि ‘व’ यांत यंत्राची गल्लत होते, आणि ‘धन’चं ‘घन’ झालं तरी तो शब्दच असतो. वाक्य डोळ्याला खटकत नाही. नुसतं वाचणाऱ्याला ते सापडणार नाही. ताडून पाहणाऱ्यालाच सापडेल.

मी घेतलेलं पुस्तक १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीच्या लेखनाचं होतं. ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘केलें’, ‘घरांत’, ‘त्यानें’, ओळीओळीत अनुस्वार. मोबाइलचा कीबोर्ड मी काही टंकायला लागलो की आजचा शब्द पुढे करायचा: ‘नाहीं’ला ‘नाही’, ‘कांहीं’ला ‘काही’. सुरुवातीला ते नकळत व्हायचं. मग मला वाटलं, बरंच झालं की. आजच्या वाचकाला ही टिंबं कशाला हवीत? शुद्धलेखन हा माझा अभिमानाचा विषय. शाखेतून जाणारं प्रत्येक मराठी पत्र माझ्या हाताखालून जायचं. मी जाणूनबुजून अनुस्वार काढायला लागलो. पान पटापट स्वच्छ दिसायला लागलं. पिवळ्या पानांची रांग वाढत गेली.

विकिस्रोतावर सदस्याला निरोप ठेवायचं एक चर्चापान असतं; माझ्या चर्चापानावर एका जुन्या स्वयंसेवकानं केव्हाच निरोप ठेवला होता: मजकूर मूळ छापील प्रतीत आहे तसाच ठेवायचा असतो, लेखनाचे नियम बदलायचे नाहीत, आपण केलेल्या पानांत अनुस्वार गेले आहेत, तेवढं पाहावं. पण मी निरोपांच्या सूचना बंद करून ठेवल्या होत्या. कामाच्या वेळी फोन वाजू नये, म्हणून. त्यामुळे तो निरोप तिथेच पडून राहिला, आणि मी त्याच पुस्तकात पुढे पुढे जात राहिलो.

चूक पकडली ती आण्णांनी. ते प्राथमिक शिक्षक होते. स्वतः शाळेत शिकले ते जुन्या लेखनानं, आणि नोकरीला लागले तेव्हा १९६२ चे नवे नियम आलेले होते, त्यामुळे मुलांना शिकवलं ते नव्या लेखनानं. मराठी साहित्य महामंडळानं केलेल्या त्या नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले. १९७२ मध्ये त्यात आणखी भर पडली. एका संध्याकाळी रक्तदाब खाली गेला म्हणून त्यांना डोळे मिटून पडून राहायला सांगितलं होतं. झोप येत नव्हती. ‘काय करतोयस ते वाच मोठ्यानं’ म्हणाले. मी नुकतंच पिवळं केलेलं पान वाचायला घेतलं. मुलांचा प्रसंग होता. पुढे ‘ती आली’ असं आलं तशी त्यांनी डोळे उघडले.

‘कोण आली?’

‘लिहिलेलं नाही. कुणीतरी बाई असेल.’

‘बाई कुठनं आली मधेच? मागचं वाच.’

मागचं वाचलं. बाई नव्हती. ‘पुस्तक दाखव,’ म्हणाले. मी चित्र उघडून फोन त्यांच्यापुढे धरला आणि दोन बोटांनी ओळ मोठी केली. छापील ओळीत होतं, ‘तीं आलीं’.

‘हे बघ. टिंब आहे वर. पोरं आलीत ही. तो, ती, तें. ते, त्या, तीं. एक मूल असेल तर तें आलें, पुष्कळ असतील तर तीं आलीं. टिंब काढलंस की एक बाई उभी राहते तिथं. अरे, आम्हाला याच्यावर पाट्या पुसून परत लिहायला लावायचे.’

मग त्यांनी पडल्यापडल्या आणखी सांगितलं. ‘तें’ म्हणजे एक मूल, ‘ते’ म्हणजे पुष्कळ पुरुष. टिंबावरून वाचताना लिंग कळतं, वचन कळतं. नव्या नियमांत ते संदर्भावरून कळतं असं धरलं, आणि कळतंही. पण जो त्या काळी टिंब देऊन लिहीत होता, त्यानं वाक्य रचतानाच त्या टिंबावर भिस्त ठेवलेली असते. त्यामुळे त्याच्या वाक्यात संदर्भ आजच्याइतका भरलेला नसतो. टिंब तेवढं काढून घेतलं तर वाक्य लंगडं होतं. मी इतकी वर्षं शुद्धलेखनाचा अभिमान बाळगून होतो, पण नियम पाठ असणं आणि तो नियम कुठे लागू होतो ते ठाऊक असणं यांतलं अंतर मला कुणी असं ओळीवर बोट ठेवून दाखवलं नव्हतं.

त्या रात्री घरी येऊन मी लॅपटॉप उघडला. चर्चापानावरचा निरोप तेव्हा पाहिला. तारीख पाहून फार वाईट वाटलं. त्या माणसानं रागाचा एक शब्द वापरला नव्हता. निरोपाला उत्तर न आल्यावर त्यानं स्वतःच मागून येत माझी काही पानं मूळ प्रतीशी ताडून अनुस्वार परत घातले होते. पानाच्या इतिहासात ते दिसतं: कुणी, कधी, काय बदललं. एकेका पानात तीस-चाळीस टिंबं. मी घाईत उडवलेली आणि त्यानं एकेक करून बसवलेली.

इतिहास पाहता पाहता आणखी एक प्रकार दिसला. छापील पान कधीकधी शब्दाच्या मध्येच संपतं. ‘दरवा-’ असं ओळीच्या शेवटी, आणि पुढच्या पानावर ‘ज्यापाशी’. विकिस्रोतावर पानं नंतर जोडून प्रकरण तयार होतं, आणि तुटलेला शब्द त्या वेळी आपोआप सांधला जातो. मला अर्धा शब्द पाहवत नसे, म्हणून मी पहिल्या पानावरच तो पुरा करून टाकायचो. पुढच्या पानावरचा अर्धा तसाच. त्यामुळे जोडलेल्या प्रकरणात ‘दरवाज्यापाशी ज्यापाशी’ असं झालं होतं. हे मला कधीच कळलं नसतं, कारण मी केलेली पानं जोडल्यावर कशी वाचली जातात ते मी एकदाही उघडून पाहिलं नव्हतं. पान माझं, पुढचं पुस्तक दुसऱ्या कुणाचं, अशी माझी विभागणी होती.

मी त्या स्वयंसेवकाला माफी मागणारं उत्तर लिहिलं आणि माझी उरलेली सगळी पिवळी पानं पुन्हा लाल केली. ते कठीण गेलं. रांगच्या रांग परत लाल होताना पाहणं, आणि तेही आपल्याच हातानं. पण पिवळा रंग म्हणजे ‘हे मी ताडून पाहिलं आहे’ अशी सही, आणि मी ताडून पाहिलेलं नव्हतं. बँकेत अशी सही मी कुणाची खपवून घेतली नसती. मग पानं पुन्हा पहिल्यापासून, आता लॅपटॉपवर, चित्र आणि मजकूर शेजारी ठेवून.

तेव्हापासून काम कमी झालं आहे, पण माझ्या दिवसात ते नीट बसतं. आता मी कामाचा वेळ किती मिनिटांचा आहे त्यापेक्षा त्या वेळात माझं डोकं कशा अवस्थेत असतं ते पाहतो. डायलिसिसचे चार तास सलग असले तरी मधे मशीनची घंटा वाजते, नर्स येते, आण्णांना पाणी हवं असतं. तिथे नवं पान घेत नाही. जे पान कुणीतरी पिवळं केलं आहे ते ताडतो, कारण ओळ सुटली तर पुन्हा तिथूनच धरता येते. आण्णांना बरं असेल तर मी छापील पान मोठ्यानं वाचतो आणि मजकुरावर त्यांची नजर असते. दोघांत एक पान नीट होतं. बँकेतल्या जेवणाच्या सुट्टीत काही करत नाही. खूप दिवस मला तो वेळ वाया जातोय असं वाटायचं. पण सकाळच्या गर्दीनंतर त्या अर्ध्या तासात माणूस नुसता बसला तरच दुपारी त्याच्या नोंदी बरोबर होतात. बी माय आइजचे कॉल रविवारी सकाळी घरी असतो तेवढ्यापुरतेच चालू ठेवतो. नकाशाचं काम फक्त सुट्टीला, दिवसाउजेडी. आणि चौकोन पुरा होणार नसेल तर तसं लिहून लगेच सोडतो, म्हणजे पुढच्याला तो मिळतो. परत आलेलं टिपण वाचल्याशिवाय नवा चौकोन उचलत नाही. मार्चमध्ये माझ्या सदस्यपानावर ‘एप्रिलपर्यंत उपलब्ध नाही’ असं लिहिलेलं असतं. एवढं एक वाक्य लिहायला मला काही वर्षं लागली. मी नाही म्हटलं तर कुणाचं अडेल, अशी भीती असायची. खरं तर अडलं होतं ते मी हो म्हणून अर्धवट केलेल्या कामानं.

मला अनेक जण विचारतात की नोकरी सांभाळून हे सुरू करायचं तर कशानं करावं. मी म्हणतो, ताडण्यापासून करा, नव्यानं करण्यापासून नको. पिवळी पानं हिरवी करायला माणसं सगळीकडे कमी पडतात, कारण त्यात आपलं असं काही उभं राहताना दिसत नाही. पण दुसऱ्यानं मन लावून केलेलं काम ओळीओळीनं पाहिलं की काम कसं करायचं ते आपोआप कळतं. मी उलट्या बाजूनं सुरुवात केली.

अलीकडे त्याच पुस्तकात एक पान आलं. त्यातल्या खालच्या दोन ओळी स्कॅनमध्ये वाचताच येत नव्हत्या. मूळ प्रत भिजलेली असावी, शाई पसरली होती. ओसीआरनं तिथे काहीतरी वाचून ठेवलं होतं, आणि ते वाक्य म्हणून अगदी व्यवस्थित लागत होतं. पूर्वी मी ते ठेवून पान पिवळं केलं असतं. आण्णांना दाखवलं. त्यांनी चष्मा वरखाली करून पाहिलं आणि म्हणाले, ‘दिसत नाही. दिसत नाही असं लिही.’ मी त्या ओळी मोकळ्या सोडल्या, पानाचा रंग निळसर केला, आणि शेरा लिहिला: शेवटच्या दोन ओळी पुसट, दुसरी प्रत कुणाकडे असल्यास पाहावी. काही आठवड्यांनी ज्याचं नाव मी आधी कधी पाहिलं नव्हतं अशा एका माणसानं आपल्याकडच्या प्रतीवरून दोन्ही ओळी भरल्या. यंत्रानं लावलेल्या वाक्याशी त्यातला एकही शब्द जुळत नव्हता. ते पान आता पिवळं आहे, आणि हिरवं होण्यासाठी आणखी कुणाच्या तरी नजरेखालून जायचं आहे.